फाटलं कसं हे न विचारणारी बाई

लाँड्रीत शिरलं की डाव्या हाताला, इस्त्रीच्या टेबलापलीकडे, रस्त्याकडच्या खिडकीला लागून एक बुटकं टेबल आहे. त्यावर मान वाकवता येणारा दिवा, सुयांचा पत्र्याचा डबा आणि एक भिंग. मागच्या स्टुलावर ती बसते. गल्ली तिला रफूवाली म्हणते, लाँड्रीवाला रफूबाई म्हणतो. "हिनं बुजवलेलं भोक पाडणाऱ्यालाही सापडायचं नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगतो, आणि ते खरं आहे. बाहेरचा दोरा ती वापरत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, दुमडलेल्या काठातून एकेक धागा ओढून काढते आणि भोकावर आधी उभे, मग आडवे असे घालत जाते, की आपण कधी फाटलो होतो याचा कापडालाच विसर पडावा.

हे काम तिला एका म्हाताऱ्या रफूगारानं शिकवलं. त्याचे डोळे गेले होते, बोटं शाबूत होती. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं होतं, "फाटलं कुठं ते बघ. फाटलं कसं ते विचारू नकोस. विचारलंस की गिऱ्हाईक खोटं बोलणार. आणि ज्याला आपण खोटं बोलायला लावलं ते गिऱ्हाईक परत येत नाही."

बावीस वर्षं तिनं ते पाळलं. कॉलरला धरून कुणीतरी ओढलेला शर्ट, खिशापाशी सिगारेटनं जळालेला कोट, कुत्र्यानं की आणखी कुणी फाडलेली पँट. माणसं टेबलाशी येऊन उगाच घसा खाकरायची, गोष्ट रचून आणलेली असायची, आणि ही भिंगातून मान वर न करता म्हणायची, "गुरुवारी या." माणसं सुटल्यासारखी जायची. तिला विचारायची गरजही नव्हती. खिळ्याला अडकलेलं कापड काटकोनात फाटतं. जोर लावून ओढलेलं वेडंवाकडं जातं, धाग्यांची टोकं लांबआखूड राहतात, पिंजारलेली. कापलेलं असेल तर टोकं सगळी सारखी, शाळेच्या रांगेत उभी केल्यासारखी.

तर तिच्या स्वतःच्या मुलीचा स्कर्ट पहिल्यांदा हातात आला तेव्हाच तिला कळलं होतं की तो फाटलेला नाही, कापलेला आहे.

मुलगी दहा वर्षांची. बाप तिला मुंगी म्हणतो, कारण अंगापेक्षा मोठं काहीतरी ती सतत ओढून नेत असते आणि मदत मागत नाही. शाळा सुटली की ती आधी लाँड्रीत यायची, मग दोघी मिळून घरी जायच्या. त्या दिवशी स्टुलाशी येऊन पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "बाकाला अडकला."

गणवेशाचा करडा स्कर्ट, मागच्या बाजूला, खाली, बोटभर चीर. शार्पनरमधलं पातं स्क्रू काढून सोडवून घेतलं की अशी चीर पडते. आईनं भिंगातून चिरेकडे बघितलं, मुलीकडे बघितलं नाही. "घरी गेल्यावर काढून ठेव," म्हणाली.

सवयीनं विचारलं नाही म्हणावं, तर तेवढंच नव्हतं. तिचं एक मत होतं, आणि ते तिनं स्वतःच्या पैशानं विकत घेतल्यासारखं जपलं होतं: मुलांचं मुलांनी निस्तरावं. मोठी माणसं मध्ये पडली की पोर जन्मभर कुणीतरी मध्ये पडायची वाट बघत बसतं. ती शाळेत होती तेव्हा तिचंही दप्तर गटारात गेलं होतं, वेणी बाकाला बांधली गेली होती. तिच्यासाठी कुणी आलं नव्हतं. फ्रॉक फाटला तेव्हा मोरीचं दार लावून तिनं तो आपला आपण शिवला. बोटांतलं कसब तिथून आलं, त्याच कसबावर पुढं घर चाललं. मुलीचंही चालेल. आणि अगदीच जड झालं तर येईल माझ्याकडेच. दुसरीकडे जाणार कुठं?

तीन महिन्यांत स्कर्ट पाच वेळा आला. पाचही वेळा जवळजवळ त्याच जागी. पाचही वेळा तिनं संध्याकाळी खिडकीशी बसून तो नवा करून दिला. धागे ओढून ओढून स्कर्टचा दुमडलेला काठ आतून जाळीसारखा विरळ झाला होता. वरून बघणाऱ्याला मात्र कालच दुकानातून आणलाय असं वाटावं. ती मुलीची वाट बघत होती. दार आतून लावून घेऊन पाहुण्याची वाट बघावी, तशी.

मग एका बुधवारी मुलगी लाँड्रीत आली ती केस कापून.

कमरेपर्यंत केस होते. रोज सकाळी वीस मिनिटं ते आईच्या हातात असायचे. दोघींनी बोलायचं काही नसलं तरी वेणी घालावीच लागते, त्यामुळे ती वीस मिनिटं आईच्या हक्काची होती. आता केस कानाच्या पाळीखाली संपत होते. आणि सुरेख कापले होते, हे तिला पहिल्या नजरेत दिसलं. इतकं सारखं कापणारा एकच हात तिच्या ओळखीचा होता.

"कुठं गेली होतीस?"

"मावशीकडे."

"आणि हे कशाला?"

"गरम होतं."

थंडी सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. लाँड्रीवाल्यानं इस्त्री उभी केली आणि कौतुकानं बघून म्हणाला, "छान दिसतंय गं. थेट मावशीवर गेलीस."

रफूवालीनं सुई बोटात घुसवून घेतली. कोटाला रक्त लागू नये म्हणून बोट तोंडात धरलं, आणि ते बरंच झालं, नाहीतर तोंडातून काहीतरी निघालं असतं.

धाकटी बहीण तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. दोन गल्ल्या सोडून तिचं केस कापायचं दुकान. तीन खुर्च्या, तीन आरसे, आणि बाकावर नंबर लावून बसलेली माणसं, जी नंबर लवकर आला की हिरमुसतात, कारण गप्पा अर्ध्या राहतात. कानामागून आली आणि तिखट झाली, हे वाक्य रफूवालीनं धाकटीबद्दल मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की ते पायरीसारखं झिजलं होतं. शाळेत धाकटीला मैत्रिणी जास्त. घरात हसू जास्त. आईच्या शेवटच्या आजारात आईनं हाक मारली ती धाकटीला, तीही ही उशाशी बसलेली असताना. धाकटीला मूल झालं नाही. तिची कीव करायची तेवढी एकच सोय रफूवालीकडे होती, आणि आज तीही हातची गेली असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी लाँड्री उघडायच्या आधी ती धाकटीच्या दुकानात गेली. खुर्चीत एक म्हातारी बाई ओले केस घेऊन बसली होती.

"ताई? ये ना. चहा सांगू?"

"चहाला नाही आले. पोरीचे केस का कापलेस?"

धाकटीनं वळून बघितलं नाही, आरशातूनच बघितलं. "तुला नाही सांगितलं तिनं?"

हा प्रश्न नव्हताच. निदान रफूवालीला तरी तो चिमटा वाटला. "गरम होत होतं म्हणाली."

"च्युइंगगम होता, ताई. मुळापर्यंत चोळलेला. बर्फ लावून बघितला, तेल लावून बघितलं. तुझ्याकडे यायच्या आधी निघायला हवा होता तिला. रडत होती, पण आवाज नाही. कुणावर गेलीये कोण जाणे."

"कुणी चोळला?"

"मागच्या बाकावरची. तीच गं, स्कर्टवाली."

तीच. म्हणजे स्कर्टची गोष्ट इथं कधीच येऊन, बसून, चहा पिऊन गेली होती. "कधीपासून माहितीये तुला?"

"दीड महिना झाला असेल. कपाळावरच्या बटा कापायला आली होती तेव्हा." धाकटीची कात्री थांबली. "मी विचारलं नाही हं. पोरं केस कापताना सांगतात. आपल्या तोंडाकडे बघायचं नसतं ना, आरशात बघून बोलतात. सांगतेय ती दुसरीच कुणीतरी आहे, असं वाटत असेल."

"बरंय. तुझ्याकडे आरसा आहे. माझ्याकडे भिंग."

"असं कुठं म्हणाले मी?"

"दीड महिन्यात दोन गल्ल्या ओलांडून येता नाही आलं तुला?"

"तिनं शप्पथ घातली होती. आणि खरं सांगू? मला वाटलं तुला माहीत असणार. स्कर्ट कोण शिवतंय?"

रफूवालीनं कालचं टोचलेलं बोट अंगठ्यानं दाबलं. म्हातारी बाई मात्र बोलली. "मी म्हणते, पोरीनंच एक ठेवून द्यावी तिच्या थोबाडीत. आमच्या वेळी मोठ्यांना कोण सांगत होतं?"

"मान सरळ ठेवा काकू, नाहीतर कान जाईल." धाकटी बहिणीकडे वळली. या खेपेला खरंच वळली. "तिनं काय करायचं बाकी ठेवलंय, ताई? जागा बदलून मागितली. दप्तर मागं धरून बसली. मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पडायची बंद झाली. शेवटी मीच म्हटलं, सगळ्यांसमोर एकदा मोठ्यानं सांग तिला, पुन्हा हात लावायचा नाही. सांगितलं बिचारीनं. त्याच दिवशी गम."

"म्हणजे तुझ्या सल्ल्यानं झालं."

"हो. माझ्या सल्ल्यानं झालं. म्हणून उद्या मीच जाणारे शाळेत. तिनं मला यायला सांगितलंय."

ते वाक्य दुकानात जरा जास्तच वेळ राहिलं. मुलीनं सांगितलंय. मला.

"आई मी आहे," रफूवाली म्हणाली.

"मग चल की बरोबर."

"तुझ्या मागं मागं? नको. मी जाईन. एकटी जाईन. तू तुझं दुकान बघ."

वाटेत तिच्या लक्षात आलं की मुलांचं मुलांनी निस्तरावं, हे मत आपण कुठंतरी खाली ठेवून आलोय. कुणी ते खोडून काढलं नव्हतं. फक्त धाकटी शाळेच्या फाटकातून आत जातेय आणि मुलगी तिच्याकडे धावतेय, हे चित्र तिला सोसवेना. पोटात दुखतं तेव्हा माणूस तत्त्वाला हात लावून बघत नाही.

नवरा पोस्टमन. संध्याकाळी बूट काढता काढता त्यानं सगळं ऐकून घेतलं. "शहरभर बातम्या वाटत हिंडतो आणि घरातली मला शेवटी मिळते," म्हणाला. मग थोडं थांबून, "पण तुझंच म्हणणं ना, पोरांचं पोरांनी बघावं?"

"म्हणणं आहेच."

"मग?"

"मग काय. ती जायला निघालीये तिकडून."

"अगं, जाऊ दे की मग. तिची जीभ चालते."

"आणि माझी काय नुसती सुई चालते?"

त्यानं बूट जोडीनं ठेवले आणि हळूच म्हणाला, "मुंगीला विचारलंस का, कोण आलेलं हवंय?"

विचारलं नव्हतं. उत्तर माहीत असलं की प्रश्न कोण विचारतो.

शुक्रवारी तिनं धुऊन इस्त्री केलेला स्कर्ट पिशवीत घातला. मुलगी गेल्या वर्षीचा आखूड स्कर्ट घालून आधीच शाळेत गेली होती. फाटकातून आत शिरल्यावर समोर पटांगण होतं.

तिच्या शाळेलाही असंच एक पटांगण होतं. ती अकरा वर्षांची. त्या दिवशी तिघींनी तिला सबंध तास संडासात कोंडून ठेवलं होतं. सुटून आल्यावर ती वर्गाच्या खिडकीशी उभी होती, आणि पटांगणातून तिची आई येताना दिसली. बाह्या वर केलेल्या, हात अजून ओले, धुणं टाकून तशीच निघालेली. आई आली. आपण कुणाला काही सांगितलेलं नसताना हिला कळलं आणि ही आली, असं वाटून तिच्या छातीत काहीतरी इतकं वर आलं की ते परत कधी खाली गेलं नाही. आई खिडकीखालून गेली. वर बघितलंही नाही. ती लहान मुलांच्या वर्गाकडे गेली, कारण धाकटीचं कुणीतरी रबर हिसकावलं होतं आणि धाकटी भोकाड पसरून बसली होती. घरी आल्यावर आई हिला म्हणाली, "तुझं बरं आहे बाई. तू मोठी. तुझं तू बघतेस." ती शाबासकी होती. अंगाला न बसणाऱ्या कोटासारखी ती तिनं तीस वर्षं वागवली.

वर्गाच्या खिडकीत मुलगी होती. तिनं आईला बघितलं. मग आईच्या मागं बघितलं, फाटकापर्यंत. मधल्या सुट्टीची घंटा झाली होती. ती धावत व्हरांड्यात आली.

"मावशी नाही आली?"

"नाही. मी आलेय."

"अच्छा," मुलगी म्हणाली.

मोठ्या बाईंची खोली नीटनेटकी होती. बाईही. वर्गशिक्षिका बाजूला उभी राहिली, मुलगी दाराशी. सगळं ऐकून झाल्यावर मोठ्या बाई समजुतीनं हसल्या. "तुमची काळजी कळते मला. पण खरं सांगू का, मुलांमधलं मुलांनीच मिटवलं तर ते टिकतं. आपण मध्ये पडतो आणि मुलं कच्ची राहतात."

रफूवाली बघतच राहिली. तिचंच मत होतं ते, धुऊन, इस्त्री करून, घडी घालून समोर ठेवलेलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याला वास येत होता. कुणाच्या तरी सोयीचा वास.

"आणि गम म्हणाल, तर तो बाकांना चिकटलेला असतोच. केस कापलेत, आता तर तेही दिसत नाही. स्कर्टचं म्हणत होता तुम्ही. बघू?"

तिनं स्कर्ट टेबलावर पसरला. मोठ्या बाईंनी चष्मा लावला. "कुठं आहे?"

"इथं." तिनं सुईचं टोक ठेवलं. "इथं. या दोन इथं. आणि ही."

बाईंनी कापडावरून बोट फिरवलं. स्कर्ट उजेडात धरला, उलटा करून बघितला. वर्गशिक्षिकेनं बघितलं. "मला तर काहीच दिसत नाही हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "नवा आहे हा."

"नवा नाही. मी रफू केलंय."

"पाच ठिकाणी?" त्या पुन्हा हसल्या, आता जरा सावधपणे. "बरं, असेल. पण हे असं... मी कुणाच्या मुलीला बोलावून काय दाखवू?"

दाराशी उभी असलेली मुलगी खाली बघत होती. तिची मान हळूहळू आत जात होती. रफूवालीला तेव्हा स्वच्छ दिसलं: मुलगी खोटी ठरत होती, आणि तिला खोटं ठरवणारा पुरावा आईनं आपल्या हातानं विणला होता. पाच संध्याकाळी, जीव ओतून, एकही टाका न चुकवता. धाकटी आली असती तर तिनं टेबलावर हात आपटून खोली डोक्यावर घेतली असती, आणि कदाचित त्यानंच काम झालं असतं. तिला तेही दिसलं, आणि त्या क्षणीही धाकटीचा हेवा वाटायचा राहिला नाही.

तिनं पिशवीतून आपली छोटी कात्री काढली.

बावीस वर्षांत तिनं आपलं काम कधी उसवलं नव्हतं. गिऱ्हाइकांच्या गोष्टी तिच्या टाक्यांखाली गाडलेल्या राहिल्या होत्या, आणि गाडून ठेवणं हेच तर तिचं काम होतं. तिनं पहिला आडवा धागा टोकानं उचलला आणि कापला. मग दुसरा. मग उभे. तासाभराचं काम उलटं जायला पाच मिनिटंही लागत नाहीत. एकेक चीर डोळा उघडावा तशी उघडत गेली. पाचवी उघडल्यावर तिनं स्कर्ट बाईंच्या बाजूला वळवला.

"टोकं बघा. अडकून फाटलं असतं तर मागंपुढं झाली असती. सगळी एका रेषेत आहेत. पातं आहे हे. आणि जागा बघा. बसलेल्या मुलीचं एवढंच कापड बाकाच्या फटीतून मागं जातं. मागून हात घातला की इथंच पोचतो. पाचही वेळा इथंच पोचलाय."

इतकं सलग ती कधी बोलली नव्हती. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग वर्गशिक्षिकेला म्हणाल्या, "बोलवा तिला."

मागच्या बाकावरची मुलगी उंच होती, आणि हडकुळी. रफूवालीची नजर धंद्यानं जायची तिथं आधी गेली. कोपरापाशी शर्ट विरलेला. दोन बटणं वेगळ्या रंगाची. स्कर्टचा काठ सेफ्टीपिनांनी वर धरलेला. मुलीनं नाही म्हटलं, मी नाही म्हटलं, मला माहीतच नाही म्हटलं. मग तिची नजर टेबलावर पडली आणि ती बोलायची थांबली. पुढं येऊन तिनं एका चिरेला बोट लावलं.

"हे तर गेलं होतं," ती म्हणाली.

"काय गेलं होतं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी नसायचंच. मी बघायचे. काहीच नसायचं." ती रफूवालीकडे न बघता स्कर्टकडेच बघत होती. "हिला रोज नवा आणतात. कितीही केलं तरी हिचं काही होतच नाही."

रफूवालीला तो सूर ओळखू आला. कुठंही ओळखला असता. तीस वर्षं तो तिच्या घरी राहायला होता. तिला त्या मुलीची दया आली असं म्हटलं तर खोटं होईल. ओळख पटली, इतकंच. आणि ओळख पटलेली माणसं आवडतातच असं नाही.

पुढं जे व्हायचं ते झालं. उंच मुलीच्या घरी चिठ्ठी गेली, तिचं बाक पहिल्या रांगेत वर्गशिक्षिकेच्या टेबलासमोर आलं. गम थांबला, पातं थांबलं. 'चुगलीखोर' सुरू झालं आणि दोनतीन आठवडे चाललं. त्याला आईही पुरी पडणार नव्हती आणि मावशीही. ते मुंगीनं तिच्या पद्धतीनं ओढून नेलं. कसं, ते तिनं आईला सांगितलं नाही. बहुधा दर शनिवारी मावशीच्या दुकानात जायची, तिथल्या आरशाला सांगितलं.

पण त्या शुक्रवारी शाळेतून निघताना उसवलेला स्कर्ट मुलीनं स्वतःच्या हातात घेतला होता.

"मावशीनं आरडाओरडा केला असता," मुलगी म्हणाली.

"हो."

"तू नाही केलास."

ते कौतुक होतं की तक्रार, आईला कळलं नाही. कळून घ्यायचं धाडसही झालं नाही. मग मुलगीच म्हणाली, "तुला पहिल्यापासून माहीत होतं? कापलंय ते?"

"हो."

"मग काही बोलली का नाहीस?"

"मी वाट बघत होते. तू सांगशील म्हणून."

मुलगी थांबली. रागानं नाही, हिशेब चुकलेल्या माणसासारखी. "मी आले होते की," ती म्हणाली. "पाच वेळा. स्कर्ट घेऊन."

रस्त्यावर एक माणूस शटर वर ढकलत होता. त्याचा आवाज संपेपर्यंत दोघी तिथंच उभ्या राहिल्या. आईला काहीतरी बोलायचं होतं, पण तिच्या तोंडात बावीस वर्षांचं 'गुरुवारी या' अडकलं होतं. तिनं मुलीच्या मानेवर हात ठेवला, जिथं वेणी असायची तिथं. मान थंड होती. मुलीनं हात झटकला नाही.

स्कर्ट तिनं पुन्हा रफू केला. या खेपेला काठातला धागा पुरला नाही, बाहेरचा घ्यावा लागला.

याला दोन महिने झाले. मंगळवार होता. मुलगी लाँड्रीत आली, दप्तर इस्त्रीच्या टेबलाखाली सारलं आणि बिनबाह्यांच्या स्वेटरच्या आतल्या शर्टाची बाही आईपुढं धरली. दंडाजवळ फाटलं होतं. आईनं भिंग धरलं. काटकोन. टोकं पिंजारलेली. खिळा, आणि तोही गंजका. कडेला तांबूस डाग होता. विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"कसं फाटलं?" तिनं विचारलं.

लाँड्रीवाल्याची इस्त्री हवेत थांबली. हे शब्द त्यानं या टेबलावरून कधी ऐकले नव्हते.

मुलगीही जरा गोंधळली. मग स्टुलाच्या कडेला टेकली, आईच्या तोंडाकडे न बघता खिडकीच्या काचेकडे बघत. "म्हणजे, आम्ही मागच्या फाटकातून येत होतो. ते बंदच असतं खरं तर. मग एक कुत्रा आला. आणि ती आहे ना, ती उंच, ती कुत्र्याला घाबरते, कुणाला माहीतच नव्हतं..."

आई ऐकत होती. ऐकता ऐकता तो प्रश्न तिच्या घशाशी आला. तो विचारू नये हे तिला कळत होतं, आणि तरी तो आलाच.

"मावशीला सांगितलंस हे?"

"नाही अजून. शनिवारी सांगणारे."

मंगळवार. बुध, गुरू, शुक्र. तिनं बाहीची शिवण उलटी केली आणि रफूला वीतभर धागा लागणार होता, तर हातभर ओढून काढला.

"हं," ती म्हणाली. "कुत्रा कुठून आला पण?"